नागपुरात घरी हॉट टब : पाया, अर्थिंग, बोअरचं पाणी आणि मे महिना

बेसा_रोड
बेसा भागात स्वतंत्र घर आहे, मागे अंगण. दोन बाय दोन मीटरचा, १२०० लिटरचा, चार माणसांचा अ‍ॅक्रिलिक टब घ्यायचं चाललंय. रिकामं वजन २८० किलो, हीटर ३ किलोवॅटचा. घरच्यांचं म्हणणं गच्चीवर ठेवू, हवा लागेल आणि शेजारी डोकावणार नाहीत. पाणी बोअरचं. विक्रेता म्हणतो, "जागा सपाट पाहिजे बस, प्लग लावा आणि बसा." इतकं सोपं असतं का? जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं.

काळीमाती
गच्चीचा विषय आधी मिटवू. पाणी १२०० किलो, टब २८०, चार माणसं ३००. झाले १७८० किलो, तेही चार चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला ४४५ किलो. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात धरलेला भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. तिप्पट होतंय. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, पण आधी तो झोल खाईल, खालून केसासारख्या चिरा दिसतील, मग पावसाचं पाणी सळईपर्यंत जाईल. बीम कुठून गेलेत हे नकाशात बघून, वेगळी फ्रेम टाकून भार बीमवर नेता येतो, पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय नको. तुमच्याकडे अंगण आहे, तर गच्चीच्या फंदात पडूच नका.

आता अंगण. आधी खड्डा करून खाली काय आहे ते बघा. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर आहे, त्यामुळे कुठे फूटभर खाली कडक मुरूम लागतो, तर कुठे माणूसभर काळी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात अशा अंगणातल्या भेगेत शाळेतली फूटपट्टी उभी घाला, बरीचशी आत जाते. त्या मातीवर थेट फरशी टाकली की दोन पावसाळ्यांत एक कोपरा वर, एक खाली. अ‍ॅक्रिलिकच्या टबाला तळ पूर्ण टेकलेला लागतो. कोपरा अधांतरी राहिला की शेलला चीर जाते आणि ती वॉरंटीत बसत नाही.

असं करा:
काळी माती किमान ४५ ते ६० सेंटिमीटर काढा. थर खोल असेल तर आणखी. तिथे मुरूम भरा, १५ सेंटिमीटरचा एकेक थर, पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबत. एकदम ओतून वरून धुमस मारलेला मुरूम खालून पोकळच राहतो. वर दगडाची सोलिंग, ७५ मिलिमीटर पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), आणि त्यावर १५० मिलिमीटरचा एम२० दर्जाचा आरसीसी (सळईचा) स्लॅब. सळई १० मिलिमीटरची, दोन्ही दिशांना १५० मिलिमीटरवर. टबापेक्षा चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर मोठा घ्या, म्हणजे २.६ बाय २.६ मीटर. काँक्रीट साधारण एक घनमीटर, सिमेंट आठ पोती. दहा दिवस तरी गोणपाट ओलं ठेवून क्युरिंग, आणि टब भरायचा तो २८ दिवसांनी.

लेव्हल मिस्त्रीच्या डोळ्याने नाही, पाण्याच्या नळीने काढून घ्या. टब एका बाजूला कलला की स्किमरच्या (वरचं पाणी आत ओढणाऱ्या तोंडाच्या) बाजूचं पाणी कमी होतं, तो हवा ओढतो आणि पंप गुरगुरायला लागतो.

आणि एक गोष्ट हमखास विसरतात. टब रिकामा करताना १२०० लिटर पाणी जाणार कुठे? ते पायाशेजारी काळ्या मातीत सोडलं तर फुगायला निमित्तच मिळालं. स्लॅबभोवती बाहेर उतार द्या आणि गटारापर्यंत दोन इंची पाइप आधीच टाकून ठेवा.

बेसा_रोड
गच्ची रद्द. कडुनिंबाखाली सावली आहे, तिथे चालेल का?

काळीमाती
नको. मुळं स्लॅब उचलतात, आणि चैत्रातला मोहोर व निंबोळ्या फिल्टर बुजवतात. सावली ग्रीन नेटची करा. यंत्राचं दार ज्या बाजूला असेल तिथे ९० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर पंप बदलायला चार माणसं बोलावून टब सरकवावा लागतो.

आर्मेचर
"प्लग लावा आणि बसा" म्हणणाऱ्या माणसाला आधी नेमप्लेट वाचायला सांगा. हीटर ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, दोन हॉर्सपॉवरचा जेट पंप सात-आठ, बुडबुड्यांचा ब्लोअर तीन. सगळं एकदम चाललं तर २४ अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही. एक्स्टेंशन बोर्डाचं तर नावच काढू नका.

मेन बोर्डापासून टबासाठी वेगळी लाइन ओढा. ६ चौरस मिलिमीटर तांबं, तीन कोअर, जमिनीतून जात असेल तर आर्मर्ड. ३० मीटर अंतराला या केबलवर साडेचार व्होल्टच्या आसपास ड्रॉप येतो, तो चालतो. त्याहून लांब असेल तर १० चौरस मिलिमीटर. ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), आणि ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर सेन्सिटिव्हिटीचा आरसीसीबी (गळती करंट पकडून लाइन तोडणारा स्विच). दुकानात सगळ्यालाच ईएलसीबी म्हणतात, डबीवर "३० एमए" लिहिलंय का ते स्वतः वाचा. १०० किंवा ३०० चा आग टाळायला असतो, माणूस वाचवायला नाही. टबात इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो, म्हणून टाइप एसी नको, टाइप ए घ्या.

सगळं बंद करणारा आयसोलेटर टबातून दिसेल असा, पण टबाच्या काठापासून दोन मीटरच्या पलीकडे. टबात बसून हात लागेल अशा ठिकाणी स्विच, सॉकेट, पंखा, लोंबता बल्ब, चार्जिंगला लावलेला मोबाइल यातलं काहीच नको.

अर्थिंगशिवाय हे काम अर्धंच. अर्थिंग नसली तरी आरसीसीबी ट्रिप होतो, पण कधी, तर गळती करंट तुमच्या अंगातून गेल्यावर. अर्थिंग चांगली असेल तर हीटरचा एलिमेंट फुटल्या क्षणी ट्रिप होतो, माणूस पाण्यात उतरण्याआधी. टबाजवळ वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) घ्या, घरच्या अर्थशी जोडा, आणि शेजारची लोखंडी रेलिंग, जिना, पाण्याचा धातूचा पाइप हे सगळं बाँडिंग वायरने एकत्र बांधा. नागपूरच्या उन्हाळ्यात पिटाभोवतीची माती वाळून खडखडीत होते आणि रेझिस्टन्स वर जातो. म्हणून मेगरवाल्याकडून (अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणाऱ्याकडून) रीडिंग पावसाळ्यात नाही, एप्रिल-मेमध्ये घ्या. पाच ओहमच्या आत आलं पाहिजे. पिटात पाणी घालायला वर नळकांडं ठेवा.

महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल का तेही बघा. तीन किलोवॅट भार मंजूर असलेल्या घरात एसी, गिझर आणि टब एकदम चालला तर मीटरच्या टर्मिनलवर काय वास येतो ते वेगळं सांगायला नको. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करा, टेस्ट रिपोर्ट हातात घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

तेलंगखेडी
परदेशातून सेकंड हँड टब स्वस्तात येतात. ते घ्यावेत का?

आर्मेचर
अमेरिकेतला असेल तर दहादा विचार करा. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ३४५० आरपीएमचा पंप इथे २८७५ वर फिरतो, जेट मरतुकडे वाटतात. मोटर गरम होते ते वेगळं, कारण तेवढ्याच व्होल्टेजला कमी फ्रिक्वेन्सी मिळाली की मोटरचा कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यातल्या लोखंडाचं चुंबकत्व मर्यादेला टेकतं. शिवाय त्यांच्या २४० व्होल्टमध्ये मधला न्यूट्रल असतो, आणि ओझोनेटर (ओझोन सोडून पाणी शुद्ध करणारं यंत्र), कधी छोटा पंपही, १२० वर चालतो. आपला फेज-न्यूट्रल तिथे जोडला की ओझोनेटर पहिल्याच मिनिटाला धूर सोडतो. युरोपातला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असेल तर चालतो.

कठीण_पाणी
आता पाण्याकडे वळू. बेसा, मनीषनगर पट्ट्यात बोअर असेल तर टब निवडण्याआधी पाणी तपासा. दोनच आकडे लागतात, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातला चुना) आणि टोटल अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद). कूलरच्या गवताच्या पॅडवर दोन महिन्यांत जो पांढरा, कुरकुरीत थर बसतो, अगदी तोच थर टबाच्या हीटर एलिमेंटवर बसतो. फरक इतकाच की कूलरचा दिसतो, हीटरचा दिसत नाही. चुन्याच्या थरामुळे एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, तो आतून तापतो, फुटतो, आणि वर आर्मेचर दादांनी सांगितलेला आरसीसीबी ट्रिप होतो.

टबात कॅल्शियम हार्डनेस १५० ते २५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवा. बोअरला ५०० निघाला असं धरू. सॉफ्टनरचं (चुना काढणाऱ्या यंत्राचं) पाणी जवळपास शून्याचं असतं. ५०० लिटर बोअरचं आणि ७०० लिटर सॉफ्टनरचं मिसळलं की १२०० लिटरला २०८ येतो. मनपाचं, म्हणजे पेंच-कन्हानचं पाणी मिळत असेल तर सॉफ्टनरऐवजी ते घ्या, पण तेही मोजूनच. घरगुती आरओने टब भरायचा विचार सोडा. तासाला दहा-पंधरा लिटरने तीन ते पाच दिवस जातील आणि त्याहून जास्त पाणी मोरीत जाईल.

पण सॉफ्टनर अल्कलिनिटी कमी करत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. पाणी मऊ झालं म्हणून खूश, आणि पीएच मात्र रोज ८.२ वर. अल्कलिनिटी जास्त असली की जेटच्या बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड उडत राहतो आणि पीएच चढत राहतो. अल्कलिनिटी ८० ते १२० मध्ये आणा. १००० लिटरला १० पीपीएम कमी करायला ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल १९ मिलिलिटर, किंवा ड्राय अ‍ॅसिड (सोडियम बायसल्फेट) २४ ग्रॅम लागतं. ३०० वरून ८० वर यायचं तर तुमच्या टबाला एकूण अर्धा लिटर आम्ल. एकदम नाही. १०० मिलिलिटर टाका, पंप चालू, तासभर थांबा, मोजा, जेट चालवून पीएच वर येऊ द्या, मग पुढचे १००. बादलीत आधी पाणी, मग आम्ल. उलट कधीही नाही. संडास धुवायचं पिवळं अ‍ॅसिड घेऊ नका. तो पिवळेपणा लोखंडाचा असतो, टबाला तांबूस डाग पडतात.

अल्कलिनिटी कमी पडली तर खायचा सोडा, १००० लिटरला १७ ग्रॅमने १० पीपीएम वाढते. पीएच ७.२ ते ७.८.

क्लोरीन कमीत कमी ३ पीपीएम, शक्यतो ३ ते ५, टबात उतरण्याआधी मोजून. ५६ टक्क्यांचं डायक्लोर (क्लोरीनची पावडर) असेल तर १ पीपीएमला १००० लिटरमागे १.८ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टबात शून्यावरून ३ ला जायला साडेसहा ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला वेगळा घ्या, पिठाचा वापरू नका.

सोनेगाव
स्विमिंग पूलच्या पांढऱ्या गोळ्या तरंगत्या डबीत टाकल्या की महिनाभर बघायला नको. काम सोपं होतं की.

कठीण_पाणी
त्या ट्रायक्लोरच्या. टबात नकोत. एक तर त्या फार आम्लधर्मी, डबी जिथे टेकते तिथे अ‍ॅक्रिलिकला फोड येतात आणि हीटर खराब होतो. दुसरं, त्यातलं सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनची मारक शक्ती मंदावते. पट्टीवर क्लोरीन दिसतं, जंतू मात्र जिवंत. पूल एवढा मोठा असतो की हे हळू घडतं, टबात काही आठवड्यांत. डायक्लोरमध्येही हेच आम्ल असतं, १ पीपीएम क्लोरीनमागे ०.९ पीपीएम. म्हणून महिन्याभराने डायक्लोर थांबवून १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घ्या, १००० लिटरला १० मिलिलिटरने १ पीपीएम. ब्लीचिंग पावडरही नको, आधीच चुनखडीचं पाणी, त्यात आणखी कॅल्शियम कशाला?

आणि एक जिवावरचं. ट्रायक्लोर किंवा डायक्लोर आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात, एकाच चमच्याने, एकाच ओल्या मगात कधीही नाही. आग लागते, स्फोटही होतो. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आलं तर क्लोरीन वायू. कपाटात दोघांना वेगवेगळे कप्पे, तेही एकाखाली एक नाहीत.

सोनेगाव
गोळ्या परत करतो. 🙏

ओपीडी_रजिस्टर
क्लोरीनचा एवढा आग्रह का, ते सांगतो. लेजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंश पाण्यात वाढतो, म्हणजे टबाचं तापमान त्याला अगदी सोयीचं. बुडबुड्यांमधून उडणाऱ्या बारीक थेंबांतून तो फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेलच्या पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या टबातून तो पसरला, किमान ३२ माणसं दगावली. मांडलेला टब म्हणतोय, लोक त्यात उतरलेही नव्हते. दुसरा जंतू स्युडोमोनास. स्विमसूटखाली एक-दोन दिवसांनी खाजरे लाल पुरळ येतात ते त्याचे. घामोळ्या समजून पावडर लावत बसतात लोक.

पाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर कधीच नाही. मोठ्यांनी एका वेळी १५ ते २० मिनिटं. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात नाही. गरोदर बायका, हृदयविकार, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, पटकन उठलं की भोवळ येते, आणि टबात भोवळ म्हणजे बुडणं. दारू पिऊन उतरायचं नाही, हे कृपया पाहुण्यांनाही सांगा. एकट्याने रात्री उशिरा बसू नये.

पाना_पक्कड
राजेहो, चोखणी म्हणजे सक्शनची जाळी कोणीच बोलून नाही राहिलं. टबाच्या तळाशी पंप जिथून पाणी ओढते, तिथली जाळी तडकली असन तर टब बंद. त्या दिवशीच बंद. उघड्या तोंडावर केस गेले, की पंप सोडत नाही. अमेरिकेनं २००७ मध्ये यासाठी कायदाच केला. एका पंपाला दोन सक्शन पाहिजे, एकमेकापासून तीन फूट लांब, म्हणजे एकावर कोणी टेकलं तरी दुसऱ्यातून पाणी येते. लांब केस बांधूनच बसा. आयसोलेटर कुठं आहे हे घरातल्या पोट्ट्यापोट्ट्याले माहीत पाहिजे.

आता रोजचं दुखणं. पॅनलवर एफ-एल-ओ आलं म्हणजे पाण्याचा फ्लो नाही. टेक्निशियनले फोन लावायच्या आधी फिल्टर काढून टब चालवून पाहा. चालला, तर फिल्टर बुजला, बाकी काही नाही. नाही चालला, तर पाण्याची पातळी पाहा. ती बरोबर असन, अन् टब नुकताच भरला असन, तर एअरलॉक, म्हणजे पंपात हवा अडकली. मेन बंद करा, पंपावरचं युनियन नट हातानं पाव फेरा ढिलं करा. फुस्स आवाज येते, मग पाणी झिरपते. झिरपलं का नट कसून टाका. पुढच्या वेळी टब भरताना पाइप टबात नका टाकू, फिल्टरच्या भोकात टाका. खालून पाणी चढते, हवा अडकतच नाही.

फिल्टर दर आठवड्याले पाण्याच्या धारेनं, घडी उलगडून उलगडून. प्रेशर वॉशर नाही, कापड फाटते. महिन्या-दोन महिन्यांनी फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवा. बोअरचं पाणी असन तर आधी क्लीनर, मग सौम्य आम्ल. उलटं केलं तर तेलकटपणा पक्का होते. दोन फिल्टर ठेवा, एक वाळत घाला, एक टबात. वर्ष-दीड वर्षात बदला.

आरसीसीबी सारखा पडून (ट्रिप होऊन) राहिला तर मेन बंद करून हीटरच्या दोन्ही तारा काढा, टोकं टेप करा, मग चालू करा. नाही पडला, तर हीटर गेला. पडलाच, तर पंप, ओझोनेटर असं एक-एक सोडवत जा. हे काम वायरमनचंच, घरच्या मालकाचं नाही.

बेसा_रोड
पाणी कितीदा बदलायचं?

कठीण_पाणी
लिटर भागिले १२, भागिले रोज बसणारी माणसं. १२०० लिटर आणि रोज दोघं म्हणजे ५० दिवस. रिकामा करायच्या आदल्या दिवशी पाइप साफ करायचं पर्ज द्रावण टाकून जेट चालवा. पाइपांच्या आतली चिकट शेवाळी साय त्यानेच सुटते. वर तपकिरी फेस आला तर किळस करू नका, तो बाहेर येणंच हवं होतं. डोळ्यांना झोंबणारा "क्लोरीनचा वास" येत असेल तर क्लोरीन जास्त नाही, कमी झालंय, घाम-लघवीशी जोडलं गेलंय. त्या दिवशी १० पीपीएमपर्यंत चढवा, झाकण उघडं ठेवून पंप चालवा, आकडा ५ च्या खाली आल्याशिवाय बसू नका. आणि टबात उतरण्याआधी साबण-पाण्याने अंघोळ, अंगाचं तेल काढून. अभ्यंगस्नान बाथरूममध्येच होऊ दे.

तेलंगखेडी
जानेवारीत १२ अंशात मजा येईल. पण मे महिन्यात काय करायचं?

पाना_पक्कड
मे महिन्यात हीटर नाही, थंडक पाहिजे! २०१३ च्या मेमध्ये इथं ४७.९ झालं होतं. टाकीतलंच पाणी ४० च्या घरात येते, त्यात टब इन्सुलेटेड. सर्क्युलेशन पंप २५० वॅटचा आठ तास चालला तरी १२०० लिटर जवळपास दीड अंशानं तापते. मग पॅनलवर ओ-एच, म्हणजे ओव्हरहीट येते, अन् लोक म्हणते सेन्सर गेला. सेन्सर बरोबर आहे बाप्पा, पाणीच तापलं.

फिल्टर सायकल पहाटे तीन ते सहा ठेवा. वर ग्रीन नेट. रात्री झाकण उघडून ठेवा, पण त्यावर घट्ट जाळी अन् जवळ मोठं माणूस पाहिजे. आपली कोरडी हवा कूलरले जे करते तेच टबाले करते, दोन लिटर पाणी उडालं का एक अंश उतरते. पाणी ३० च्या आसपास आलं तर मस्त. ४० च्या वर असन तर उतरायचं नाही, बाहेर ४५ असताना तर नाहीच.

ओपीडी_रजिस्टर
दुजोरा. ऊन लागण्यासाठी उन्हातच जावं लागत नाही. मानेपर्यंत गरम पाण्यात असताना घाम येऊनही शरीर थंड होत नाही.

बेसा_रोड
मग मार्च ते जून टब बंदच करून झाकून ठेवला तर? हिवाळ्यातली वीज किती जाईल?

कठीण_पाणी
भरलेला आणि बंद हे सगळ्यात वाईट. क्लोरीन दोन-तीन दिवसांत संपतं, झाकणाच्या फटीतून डास आत जातात, आणि डेंगीचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. बंद करायचा तर पूर्ण रिकामा करा, पाइपांतलं पाणी ओल्या-कोरड्या व्हॅक्यूमने ओढा, फिल्टर वाळवून घरात ठेवा, पंपाचा ड्रेन प्लग उघडा ठेवा.

आर्मेचर
वीज मोजून घ्या. २० अंशांवरून ३८ वर १२०० लिटर न्यायला २५ युनिट, ३ किलोवॅटच्या हीटरला साडेआठ तास. हे भरल्या दिवशीचं. नंतर रोजचा खर्च झाकणावर ठरतो. झाकणाचा फोम पाणी पिऊन जड झाला, दोघांना उचलावा लागला, की समजा इन्सुलेशन गेलं. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे टबाचे युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यात मोजले जातात. हिशोब सरासरी दराने करू नका.

बेसा_रोड
उद्या खड्डा घेतो. साडेतीन फुटांवर मुरूम लागला नाही तर?

काळीमाती
तर खणणं थांबवा आणि विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका. तेवढी खोल माती असेल तर चार कोपऱ्यांना छोटे पाइल आणि त्यावर बीम-स्लॅब लागेल, खर्च वेगळाच होतो. खड्ड्याच्या बाजूचा फोटो टाका, शेजारी टेप धरून. माती किती खोल आहे, तिचा रंग कुठे बदलतो ते दिसलं पाहिजे.